आनंदाच्या बातमीला उत्तर देण्याची रीत

शोकप्रसंगी कसे वागावे याचे शिक्षण प्रत्येक समाज आपल्या माणसांना आवर्जून देतो. भेटायला केव्हा जावे, किती वेळ बसावे आणि कोणता विषय काढू नये, हे घरातील वडीलधारी माणसे मुलांना समजावून सांगतात. आनंदाची बातमी ऐकल्यावर काय बोलावे हे मात्र कोणी मुद्दाम शिकवत नाही, कारण ते आपोआप सुचते असा सर्वसाधारण समज आहे. प्रत्यक्षात त्या क्षणी तोंडातून निघणारे दोन-चार शब्दही भाषेच्या आणि नात्याच्या नियमांनी बांधलेले असतात, आणि ते शब्द चुकले किंवा उशिरा आले तर सांगणाऱ्याचा हिरमोड होतो. ठाणे, कल्याण आणि डोंबिवली हा पट्टा ही रीत पाहण्यासाठी विशेष सोयीचा आहे, कारण येथे प्रमाण मराठी, आगरी बोली, कोकणातून आणि देशावरून आलेल्या कुटुंबांच्या बोली, सिंधी, गुजराती आणि हिंदी या साऱ्या एकाच इमारतीच्या जिन्यात ऐकू येतात आणि एकमेकींवर परिणामही करतात.

अभिनंदन करणे म्हणजे काय

ब्रिटिश तत्त्वज्ञ जे. एल. ऑस्टिन यांनी मांडलेला आणि १९६२ साली पुस्तकरूपाने प्रसिद्ध झालेला एक विचार या विषयाच्या मुळाशी आहे. माणूस बोलतो तेव्हा तो दर वेळी माहितीच देत असतो असे नाही. कित्येकदा बोलणे हीच एक कृती असते, आणि ‘मी तुझे अभिनंदन करतो’ हे वाक्य उच्चारले की अभिनंदन करण्याचे काम तेथेच पूर्ण होते. अशा बोलण्याला ‘वाक्कृती’ म्हणता येईल. ऑस्टिन यांचा हा विचार अमेरिकन तत्त्वज्ञ जॉन सर्ल यांनी १९६९ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात पुढे नेला आणि अभिनंदनाच्या अटी स्पष्ट केल्या. घटना ऐकणाऱ्याशी संबंधित असली पाहिजे, ती त्याच्या हिताची आहे असे बोलणाऱ्याला वाटले पाहिजे, आणि त्या घटनेचा बोलणाऱ्यालाही आनंद झालेला असला पाहिजे. या तीनपैकी तिसरी अट सर्वांत अवघड आहे, कारण पहिल्या दोन अटींची खात्री बाहेरून करता येते, तिसरीची मात्र ऐकणारा आवाजावरून, चेहऱ्यावरून आणि शब्दांच्या निवडीवरून अंदाजानेच करतो. आनंदाच्या बातमीवरचे सारे नेहमीचे उद्गार ही तिसरी अट पूर्ण झाल्याची ग्वाही देण्यासाठी घडलेले आहेत, असे म्हटल्यास वावगे होणार नाही.

मराठी व्याकरणात अशा उद्गारांना स्वतंत्र घर आहे. वाक्यातील इतर शब्दांशी व्याकरणदृष्ट्या न जोडलेले आणि मनातील भावना एकदम व्यक्त करणारे जे अविकारी शब्द असतात त्यांना केवलप्रयोगी अव्यये म्हणतात. ‘अहाहा’, ‘वा’, ‘ओहो’ ही हर्षदर्शक. ‘शाबास’, ‘भले’, ‘वाहवा’, ‘फक्कड’ ही प्रशंसादर्शक. ‘अबब’, ‘अरेच्चा’, ‘बापरे’ ही आश्चर्यदर्शक, असे त्यांचे पोटभेद शालेय पुस्तकांतही शिकवले जातात. मात्र व्याकरणाने वेगवेगळ्या खणांत ठेवलेले हे उद्गार प्रत्यक्ष बोलण्यात एकामागून एक येतात, आणि त्यांचा क्रमही बहुतेक ठरलेला असतो: आधी आश्चर्य, मग हर्ष, त्यानंतर प्रशंसा. हा क्रम उलटा झाला, म्हणजे ‘शाबास’ आधी आणि ‘काय सांगतेस!’ नंतर आले, तर प्रशंसेनंतर शंका घेतल्यासारखे वाटते आणि बोलणे बेसूर होते.

एका संवादाची उकल

डोंबिवलीतील एखाद्या जुन्या इमारतीत दहावीच्या निकालाच्या दिवशी दुपारी जे संवाद घडतात, त्यांचा नमुना साधारणपणे पुढीलप्रमाणे असतो. शेजारच्या घराची बेल वाजवून मुलगी सांगते, “काकू, ब्याण्णव टक्के मिळाले.” त्यावर काकू म्हणतात, “अगं बाई, काय सांगतेस! ब्याण्णव? नाव काढलंस हो आईबाबांचं. रात्री एक-एक वाजेपर्यंत दिवा दिसायचा तुमच्या खिडकीत, कष्टाचं चीज झालं बघ. देवापुढे साखर ठेवलीस का? आणि हे बघ, पेढे घेतल्याशिवाय मी काही तुला सोडणार नाही.” मुलगी वाकून नमस्कार करते आणि काकूंच्या तोंडून “अशीच मोठी हो” हा आशीर्वाद निघतो.

या जेमतेम अर्ध्या मिनिटाच्या बोलण्यात सात वेगवेगळी कामे उरकली जातात. ‘काय सांगतेस’ हा आकाराने प्रश्न असला तरी त्याला उत्तर अपेक्षित नसते. बातमी अपेक्षेपेक्षा मोठी आहे, एवढेच त्यातून कळवले जाते. टक्क्यांचा आकडा प्रश्नार्थक सुरात पुन्हा उच्चारल्याने मुलीला तो आणखी एकदा सांगण्याची संधी मिळते, आणि स्वतःची बढाई न मारता यश दोनदा सांगता येणे ही मोठीच सोय असते. ‘नाव काढलंस’ या वाक्प्रचाराने एकटीचे यश घराचे होते. खिडकीतल्या दिव्याचा उल्लेख हा साक्षीदाराचा जबाब आहे: कष्ट कोणीतरी पाहिले होते, ही गोष्ट त्यातून मुलीपर्यंत पोचते. देवापुढच्या साखरेची चौकशी करून यशाला अहंकाराची बाधा होऊ नये याची काळजी घेतली जाते, आणि पेढ्यांच्या मागणीने शेजारीण त्या आनंदात आपला वाटा मागते. शेवटचा आशीर्वाद नमस्काराच्या उत्तरादाखल येतो आणि प्रसंगाला पूर्णविराम देतो. या सगळ्यात ‘अभिनंदन’ हा शब्द कोठेही नाही, आणि त्याची उणीवही कोणाला जाणवत नाही. जवळच्या नात्यात तो शब्द काहीसा परका वाटतो. कार्यालयातील सहकारी, व्यासपीठावरील वक्ता आणि पत्राचा मायना ही त्याची खरी ठिकाणे आहेत.

मुलीच्या बाजूनेही ठराविक उत्तरे असतात. घरच्या मंडळींना किंवा शेजाऱ्यांना तोंडावर ‘धन्यवाद’ म्हणणे मराठी घरांत आजही थोडे औपचारिक मानले जाते, म्हणून त्या जागी वाकून केलेला नमस्कार, ‘तुमच्याच आशीर्वादाने’ हे शब्द किंवा ‘अहो काकू, कसलं काय, दोन टक्के गेलेच’ अशी विनयाची सारवासारव येते. या सारवासारवीवर गप्प बसणे बरे दिसत नाही. ‘गेले तर गेले, ब्याण्णव काय कमी आहेत का?’ असे म्हणून ती तत्काळ खोडून काढावी लागते. विनयाने आनंद कमी करून सांगायचा आणि ऐकणाऱ्याने तो पुन्हा पूर्ववत करून द्यायचा, हा या संवादातला न बोललेला करार आहे.

प्रसंगाप्रमाणे शब्द

प्रत्येक आनंद एकाच जातीचा नसतो, आणि मराठीने प्रत्येक जातीसाठी वेगळे वाक्प्रचार राखून ठेवले आहेत. अनेक वर्षे रखडलेले काम एकदाचे झाले, उदाहरणार्थ पुनर्विकासात गेलेल्या इमारतीची किल्ली हातात आली, तर ‘गंगेत घोडं न्हालं’ असे म्हणतात आणि त्यात आनंदाइतकाच सुटकेचा सूर असतो. वैद्यकीय तपासणीचा अहवाल चांगला आला तर ‘जीव भांड्यात पडला’ हेच योग्य ठरते. तेथे ‘वा, फक्कड’ म्हणणे विचित्र वाटेल, कारण ती बातमी लाभाची नसून संकट टळल्याची असते. एका आनंदावर दुसरा आला तर ‘दुधात साखर’ किंवा ‘सोन्याहून पिवळं’. मुलाने नोकरी मिळवून आईवडिलांच्या कष्टांची उतराई केली तर ‘पांग फेडले’. लग्न ठरले तर ‘दोनाचे चार हात झाले’. ‘तुझ्या तोंडात साखर पडो’ हा उद्गार मात्र बातमीच्या आधीचा आहे: कोणी शुभ भाकीत केले की ते खरे ठरावे म्हणून तो वापरतात, आणि घटना घडून गेल्यावर तो म्हटला तर चुकीचा ठरतो.

‘पडो’, ‘होवो’, ‘मिळो’, ‘टळो’ या क्रियापदांच्या ओकारान्त रूपांना या सगळ्यात विशेष स्थान आहे. ही रूपे आज्ञार्थाची असली तरी त्यांत हुकूम नसतो, इच्छा असते, आणि ती इच्छा पूर्ण करणाऱ्याचे नाव वाक्यात घेतलेले नसते. ‘इडापिडा टळो’ म्हणताना बोलणारा आनंदाबरोबर येणाऱ्या भीतीचीही दखल घेतो. यशाला दृष्ट लागते ही समजूत शहरी सुशिक्षित घरांतूनही पुरती गेलेली नाही, म्हणूनच काही बातम्या जपून सांगितल्या जातात. घरात नवे बाळ येणार असल्याच्या बातमीला मराठीत ‘गोड बातमी’ असेच नाव आहे, आणि ती पहिले तीन महिने उलटेपर्यंत बाहेर न सांगण्याचा प्रघात अनेक कुटुंबे पाळतात. तिच्यावरचा ठरलेला प्रतिसादही निराळा असतो: ‘अय्या, कितवा महिना?’ या प्रश्नानंतर मावशी-काकूंच्या तोंडून लगेच ‘जड उचलू नकोस’, ‘लोकलच्या गर्दीत चढू नकोस’, ‘वेळेवर जेव’ अशा सूचनांची रांग लागते. परक्या माणसाला हे उपदेश वाटतील, परंतु मराठी नात्यांत माया बहुधा सूचनेच्या रूपातच व्यक्त होते.

वाटा मागण्याचा हक्क

आनंदाच्या बातमीवर काही खायला मागणे ही मराठी प्रतिसादाची सर्वांत ठळक खूण आहे. पूर्वी राजघराण्यात पुत्र जन्मला की हत्तीवरून साखर वाटत, आणि तो वाक्प्रचार आजही अतिशय आनंद झाल्याचे सांगण्यासाठी वापरला जातो. सामान्य घरांत साखरेची जागा पेढ्याने घेतली. बाळ जन्मल्याची बातमी देताना मुलगा झाला तर पेढे आणि मुलगी झाली तर बर्फी, असा संकेत महाराष्ट्रात दीर्घकाळ होता, आणि ‘पेढा की बर्फी?’ एवढ्या एका प्रश्नात सर्व चौकशी होत असे. ‘पहिली बेटी धनाची पेटी’ ही म्हण कौतुकाची वाटली, तरी ती बहुतेक वेळा समजूत घालण्याच्या सुरात म्हटली जात असे, आणि समजूत घालण्याची गरज का भासावी, असा प्रश्न आता उघडपणे विचारला जातो. मुलीच्या जन्माचेही पेढेच वाटणारी कुटुंबे आज ठाण्या-डोंबिवलीत सहज आढळतात, आणि त्यामुळे तो जुना प्रश्न विचारणाऱ्यालाच अवघडल्यासारखे होते.

हा हक्क रेल्वेच्या डब्यातही बजावला जातो. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदर ते ठाणे अशी पहिली प्रवासी गाडी धावली आणि पुढच्याच वर्षी लोहमार्ग कल्याणपर्यंत पोचला. तेव्हापासून या पट्ट्याचे जीवन गाडीच्या वेळापत्रकाशी जोडले गेले आहे. रोज तीच लोकल, तोच डबा आणि त्याच दरवाजाजवळची जागा पकडणाऱ्या प्रवाशांचे गट तयार होतात, दसऱ्याला मिळून डबा सजवतात, आणि त्यांतील कोणाला बढती मिळाली किंवा कोणाच्या मुलाला प्रवेश मिळाला की ‘पार्टी पाहिजे हां, नुसत्या वडापाववर भागणार नाही’ अशी मागणी होते. ही मागणी उर्मट नसते. शुभेच्छांचे लांबलचक भाषण करण्यापेक्षा खायला मागणे सोपे असते, आणि ज्याच्याकडे मागता येते तो आपला माणूस आहे, हेही त्यातून कळते. ज्याच्याशी फारशी ओळख नाही त्याच्याकडे कोणी पेढे मागत नाही. त्याचे फक्त अभिनंदन करतात.

शेजारच्या बोली, शेजारच्या भाषा

ठाणे, कळवा, दिवा, डोंबिवली आणि कल्याण यांच्या आसपासची जुनी गावे आगरी आणि कोळी समाजांची आहेत, आणि शहर वाढत त्यांच्या शिवारात आले. आगरी बोलीत ‘ळ’चा ‘ल’, ‘ण’चा ‘न’ आणि पुष्कळदा ‘ड’चा ‘र’ होतो, तसेच प्रमाण मराठीतील ‘बरं झालं’ तेथे ‘बरा झाला’ असे ऐकू येते. थोरल्या भावाला किंवा बरोबरीच्या मित्राला ‘दादूस’ म्हणतात, आणि चांगली बातमी कळल्यावर ‘बेस झाला, दादूस!’ एवढ्यात सगळे येते. मात्र या समाजात आनंदाला खरे उत्तर शब्दांपेक्षा गाण्याने दिले जाते. लग्नात धवले गाणाऱ्या स्त्रीला धवलारीण म्हणतात. विधी तिच्या गाण्याच्या आधाराने पुढे सरकतात, आणि हळदीच्या रात्री सारा गाव मांडवात येतो. तेथे हजर राहणे हेच अभिनंदन असते, आणि न येणाऱ्याच्या गोड शब्दांना फारशी किंमत नसते.

कल्याणच्या शेजारी फाळणीनंतर सिंधी निर्वासितांची जी मोठी छावणी वसली, तिला १९४९ साली उल्हासनगर हे नाव मिळाले. तेथील ‘लख लख वाधायूं’, म्हणजे लाखो शुभेच्छा, हे शब्द कल्याणच्या बाजारपेठेत मराठी दुकानदारांच्याही कानांवर पडत असतात. देवाणघेवाण नवी नाही. ‘शाबास’ हा आज पूर्णपणे मराठी वाटणारा शब्द मुळात फारसीतला आहे, आणि त्याचा तेथील अर्थ ‘आनंदी राहा’ असा आहे. म्हणजे तो आधी शुभेच्छा होता आणि नंतर प्रशंसा झाला. तरुण पिढी ‘एक नंबर’, ‘कडक’, ‘लय भारी’ आणि ‘काँग्रॅट्स’ हे शब्द एकाच वाक्यात सहज गुंफते. प्रमाण मराठीच्या अभिमान्यांना त्याचा त्रास होतो, पण उद्गारवाचक शब्द झिजण्याचा आणि बदलण्याचा वेग सर्वच भाषांत जास्त असतो, कारण फार वापरला गेलेला उद्गार खरा वाटेनासा होतो आणि भावना खरी आहे हे सांगायला नवा शब्द लागतो.

स्पॅनिश भाषेतील रीत

ही गोष्ट मराठीपुरती नाही हे पाहण्यासाठी स्पॅनिशचे उदाहरण उपयोगी पडते, कारण ही भाषा स्पेनपासून अर्जेंटिनापर्यंत वीसेक देशांत बोलली जाते आणि तिच्यात एकाच आनंदाचे अनेक उच्चार तयार झाले आहेत. तेथील सर्वांत रोजचा उद्गार म्हणजे ‘के ब्येन!’, ज्याचे काम आपल्या ‘किती छान!’सारखे असते. त्यातील ‘के’ हा शब्द प्रश्नातही वापरला जातो, तोच उद्गारातही येतो, आणि मराठीतल्या ‘काय’चेही नेमके असेच आहे: ‘काय आणलंस?’ हा प्रश्न, तर ‘काय बातमी आणलीस!’ हा उद्गार. लिहिताना स्पॅनिशमध्ये उद्गारचिन्ह वाक्याच्या अखेरीस तर असतेच, शिवाय आरंभीही उलटे काढलेले असते, त्यामुळे वाचणाऱ्याला पहिल्या शब्दापासूनच आवाज चढवता येतो.

आश्चर्यासाठी तेथे ‘नो मे दीगास!’ म्हणतात; ‘मला सांगू नकोस’ असा त्याचा शब्दशः अर्थ असला तरी हेतू ‘काय सांगतेस!’ हाच असतो. स्वतःला झालेला आनंद ‘मे आलेग्रो मुचो’ या शब्दांनी, तर समोरच्याची योग्यता ‘ते लो मेरेसेस’, म्हणजे ‘तू याला पात्रच आहेस’, या शब्दांनी सांगतात. औपचारिक अभिनंदनासाठी स्पेनमध्ये दोन शब्दांची वाटणी आहे: परीक्षा, नोकरी, बाळाचा जन्म अशा विशेष घटनेला ‘एनोराब्वेना’, आणि वाढदिवस व सणांना ‘फेलिसिदादेस’, लॅटिन अमेरिकेत मात्र दुसरा शब्द बहुतेक सर्व प्रसंगी चालतो. ‘एनोराब्वेना’चे मूळ ‘चांगल्या घटकेला’ असे असून मुहूर्त पाहणाऱ्या मराठी माणसाला ते सहज समजेल. मित्रमंडळींतील शब्द देशागणिक बदलतात: स्पेनमध्ये ‘के ग्वाय’, मेक्सिकोत ‘के पाद्रे’, कोलंबिया आणि व्हेनेझुएलात ‘के चेवेरे’, चिलीत ‘के बाकान’. कोल्हापूरचा ‘नाद खुळा’ ठाण्यात वेगळा ठरतो, त्याच न्यायाने हे शब्द बोलणाऱ्याचा प्रदेश उघड करतात.

‘के सुएर्ते!’, म्हणजे ‘काय नशीब!’, हा उद्गार मात्र तेथेही सांभाळून वापरावा लागतो. परिश्रमाने मिळवलेल्या यशाला नशिबाचे नाव दिले तर ते कमी लेखल्यासारखे होते, आणि मराठीत बढती मिळालेल्याला ‘लॉटरीच लागली की’ म्हटल्यावर त्याचा चेहरा उतरतो त्याचे कारणही हेच. खरोखरच सोडत लागली तर गोष्ट वेगळी. स्पेनमध्ये १८१२ साली सुरू झालेली नाताळची मोठी सोडत दरवर्षी २२ डिसेंबरला निघते, शाळकरी मुले आकडे गाऊन सांगतात, आणि एकाच क्रमांकाचे तिकीट कार्यालयातील किंवा गल्लीतील अनेकांनी मिळून घेतलेले असल्यामुळे आनंदही सामुदायिक असतो. ज्यांना काही लागत नाही ते निदान प्रकृती तरी ठणठणीत आहे, असे म्हणून हसतात. ठाणे जिल्ह्याला परिचित असलेली सोडत म्हाडाच्या कोकण मंडळाची आहे. कल्याणजवळच्या शिरढोण, खोणी यांसारख्या ठिकाणच्या घरांसाठी हजारो अर्ज येतात. त्यात नाव निघालेल्याला ‘नशीब काढलंस’ म्हटले तर कोणालाच राग येत नाही, कारण तेथे नशिबाखेरीज दुसऱ्या कशाचाही वाटा नसतो.

तार, फलक आणि अंगठा

दूरच्या माणसाचे अभिनंदन करण्याची साधनेही बदलत गेली. भारतीय तारखात्याकडे शुभेच्छांच्या तयार वाक्यांची क्रमांकवार यादी असे. पाठवणाऱ्याने फक्त क्रमांक लिहायचा आणि स्वीकारणाऱ्याच्या हाती पूर्ण वाक्य पडायचे, त्यामुळे खर्च वाचत असे. तार आली म्हटले की बहुतेक घरांत आधी छातीत धस्स होई आणि उघडल्यावर शुभवार्ता निघाली तर आनंद दुप्पट होई. जुलै २०१३ मध्ये ही सेवा बंद झाली. आज मोबाइलवरील उंचावलेला अंगठा आणि टाळ्यांची चित्रे तेच काम करतात, फक्त तारेला पदरचे पैसे मोजावे लागत आणि टपाल कार्यालयापर्यंत पायपीट करावी लागे, त्यामुळे ती पाठवणाऱ्याची आस्था आपोआप सिद्ध होत असे. अंगठ्याला तसे काही मोजावे लागत नाही.

दुसऱ्या टोकाला चौकाचौकांतील फलक आहेत. गुणवंत विद्यार्थी, नवनियुक्त पदाधिकारी आणि वाढदिवसाचे मानकरी यांचे ‘हार्दिक अभिनंदन’ करणाऱ्या फ्लेक्सवर सत्कारमूर्तीपेक्षा शुभेच्छुकांची छायाचित्रे जास्त असतात. विनापरवाना फलक लावणे हा १९९५ च्या महाराष्ट्र मालमत्ता विद्रूपण प्रतिबंध कायद्याखाली गुन्हा असूनही हा प्रकार थांबलेला नाही. सर्ल यांची तिसरी अट येथे उघडपणे मोडते; आनंद दुसऱ्याच्या यशाचा नसून स्वतःच्या प्रसिद्धीचा असतो, आणि हे रस्त्याने जाणाऱ्या प्रत्येकाला समजते.

चार प्रकारची उत्तरे

चांगल्या बातमीला मिळणाऱ्या उत्तराचे परिणाम मोजण्याचे काम मानसशास्त्रात तुलनेने उशिरा सुरू झाले. अमेरिकन संशोधक शेली गेबल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००४ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात अशा उत्तरांचे चार प्रकार केले. पहिला उत्साहाने साथ देणारा, दुसरा थंडपणे मान्य करणारा, तिसरा उत्साहाने खोट काढणारा आणि चौथा विषयच टाळणारा. कल्याण-शीळ रस्त्यावर घर घेतल्याची बातमी कोणी दिली, तर ‘अरे वा, कितव्या मजल्यावर? वास्तुशांत कधी करताय?’ हे पहिले उत्तर. ‘हो का, छान’ हे दुसरे. ‘तिथून स्टेशन किती लांब! आणि हप्ता केवढा बसणार?’ हे तिसरे. आणि ‘बरं, आमच्या मेव्हण्यानं गाडी घेतली, कळलं ना?’ हे चौथे. गेबल यांच्या अभ्यासांत पहिल्या प्रकारचे उत्तर मिळणाऱ्या जोडप्यांतील नाते अधिक समाधानाचे आढळले, आणि २००६ च्या पुढील अभ्यासात अडचणीच्या वेळच्या आधारापेक्षाही आनंदाच्या वेळचा प्रतिसाद नात्याच्या टिकाऊपणाशी अधिक जोडलेला दिसला.

तिसऱ्या प्रकारचे उत्तर देणारा माणूस बहुतेक वेळा दुष्ट नसतो. त्याला काळजी वाटत असते, आणि मराठी मध्यमवर्गात काळजी हीच आपुलकीची भाषा असल्यामुळे तो हप्त्याचा प्रश्न प्रेमानेच विचारतो. चूक प्रश्नात नसते, वेळेत असते. हप्ता, अंतर आणि पाण्याची सोय यांवर आठवड्याने बोलता येते, पहिल्या वाक्यात ते बोलू नये. दुसऱ्या प्रकारचे उत्तर मात्र आज सर्वांत जास्त पसरले आहे, कारण तयार चित्र पाठवण्याच्या सवयीने अभिनंदन पोचते पण संवाद सुरू होत नाही.

डोंबिवलीच्या काकूंच्या बोलण्यात जे होते ते कोणालाही जमण्यासारखे आहे: आश्चर्य लपवू नये, बातमी पुन्हा एकदा सांगू द्यावी, मागचे कष्ट आठवून द्यावेत आणि आपला वाटा हक्काने मागावा. तेव्हा पुढच्या खेपेला कोणी आनंदाची बातमी कळवली, तर अंगठ्याचे चित्र पाठवून मोकळे होण्याआधी वाचकांनी एक फोन करावा, ‘कसं काय जमवलंस, सांग तरी’ असे विचारावे आणि पेढे कधी मिळणार याची चौकशी करायला विसरू नये.